पुण्याआधीचे पुणे : दोन रविवारांच्या एका फेरीविषयी

पुण्यात ‘मूळ पुणेकर’ या बिरुदाला मोठा भाव आहे. तीन पिढ्या सदाशिव पेठेत गेल्या की माणूस ते स्वतःला लावून घेतो आणि चौथ्या पिढीने बाणेरला सदनिका घेतली तरी सोडत नाही. वास्तविक ही पेठच पेशवाईत, अठराव्या शतकात वसलेली. त्यामुळे ‘पुण्याचे मूळ रहिवासी : दोन रविवारांची अभ्यासफेरी’ अशी जाहिरात वाचनालयाच्या फलकावर पाहिली तेव्हा मी ती थोड्या संशयानेच वाचली. वाड्यांच्या दिंडी दरवाजांसमोर उभे करून पेशव्यांच्या गोष्टी सांगणाऱ्या फेऱ्या शहरात पुष्कळ आहेत आणि त्यांपैकी चार-पाच मी पदरमोड करून केल्या आहेत. ही फेरी त्या जातीची नाही, हे आरंभीच सांगतो. तिच्यातल्या काही गोष्टी मला खटकल्या, म्हणून आयोजकांचे नाव इथे देत नाही. ज्यांना फेरी करायची आहे त्यांना ते सहज सापडेल.

दोन्ही दिवसांचे मिळून शुल्क १,८०० रुपये होते. पहिला रविवार शहरात पायी, दुसरा बसने आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम भागात. आम्ही २२ जण होतो आणि ही संख्या योग्य आहे, कारण त्याहून एक माणूस वाढला असता तर कसब्यातल्या बोळात मागच्यांना काही ऐकू आले नसते.

सकाळी साडेसहाला वेताळ टेकडीवर जमलो. आमच्या मार्गदर्शक बाईंनी पहिली दहा मिनिटे फक्त शब्दांवर घालवली आणि माझ्या मते शुल्काचा निम्मा मोबदला तिथेच मिळाला. ‘मूळ रहिवासी’ म्हणताना पुण्यात तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र कालवल्या जातात, असे त्यांचे म्हणणे. या खोऱ्यात सर्वांत आधी वावरलेली माणसे ही एक. पेठा पडण्यापूर्वी इथल्या खेड्यांत राहणारी, गावगाड्यात आपापले काम असणारी माणसे ही दुसरी. आणि राज्यघटनेने अनुसूचित जमाती म्हणून नोंदलेले महादेव कोळी, ठाकर, कातकरी हे आजचे लोक ही तिसरी. पहिल्यांचे वंशज दुसरे आणि दुसऱ्यांचे तिसरे, अशी सरळ रेघ ओढता येत नाही, आणि तशी ती ओढून दाखवणाऱ्यांपासून सावध राहा, असे त्यांनी बजावले. आदिवासी हा शब्द त्यांनी फक्त तिसऱ्या अर्थाने वापरला आणि दोन्ही दिवस तो भेद पाळला. ‘मूळनिवासी’ या शब्दामागे वेगळे राजकारण आहे, तो आपण आज वापरणार नाही, असेही त्या म्हणाल्या. तो टाळण्याचे कारण पटले. टाळल्याची किंमत काय झाली ते पुढे येईलच.

टेकडीवरचा दीड तास हा साऱ्या फेरीचा गाभा. आपल्या पायाखालचा काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा. त्यातल्या वायूच्या पोकळ्यांत पुढे सिलिका साचत गेली आणि गारगोट्या तयार झाल्या. काळा दगड फोडला तर त्याला बारीक धार राहत नाही. गारगोटीला मात्र वस्तऱ्यासारखी धार येते. तिची नखाएवढी पाती काढून, लाकडात किंवा हाडात डिंकाने ओळीने बसवून, माणसांनी विळे आणि बाण केले. या पात्यांना पुरातत्त्वात सूक्ष्मास्त्रे म्हणतात. बाईंनी तळहातावर खरी गारगोटी आणि तिच्यापासून आधुनिक काळात काढलेले पाते ठेवून फरक दाखवला. टेकडीवरून काहीही उचलून घरी न्यायचे नाही, ही ताकीदही दिली. मुठेच्या पात्रात दत्तवाडीजवळ वाळू-गोट्यांच्या थरांत याहून पुष्कळ जुनी दगडी हत्यारे मिळाली आहेत, म्हणजे माणसाचा वावर या नदीकाठी सूक्ष्मास्त्रांच्याही फार आधीपासून आहे.

इथे इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबींचा विषय निघणे अपरिहार्य होते. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवलेला हा माणूस भांडारकर संस्थेजवळ राहत होता आणि घराजवळच्या टेकड्यांवर हिंडून सूक्ष्मास्त्रे वेचत होता. त्यांच्या लक्षात आले की ही पाती जिथे सापडतात, त्याच वाटांवर शेंदूर फासलेल्या तांदळ्यांची (देव म्हणून पुजलेल्या अनघड दगडांची), म्हसोबा-वेताळांची आणि कुठल्याही पोथीत नाव नसलेल्या देवींची ठाणी आहेत. गुरे-मेंढरे घेऊन फिरणाऱ्या लोकांच्या जुन्या वाटा आणि त्यांच्या भेटीगाठीच्या जागा म्हणजे ही ठाणी, असे त्यांनी मांडले. शहर वाढत गेले तरी ठाणी हलली नाहीत, रस्त्यांनीच वळसा घेतला. वाकड-हिंजवडीच्या म्हातोबाचे बगाड आजही चैत्री पौर्णिमेला निघते. संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारतींसमोरून गळ टोचलेल्या मानकऱ्याला, म्हणजे गळकऱ्याला, घेऊन चाललेला तो लाकडी गाडा ज्याने एकदा पाहिला आहे, त्याला कोसंबींचे म्हणणे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. कोथरूडलाही म्हातोबाच आहे. मी कोथरूडला बारा वर्षे राहिलो आणि त्या देवळाकडे रिक्षावाल्याला सांगायची खूण याखेरीज कधी पाहिले नव्हते, हे कबूल करतो.

पाताळेश्वरापाशी मात्र वेळ फुकट गेला, कारण तिथे सांगितलेले सगळे फलकावर लिहिलेले आहे. आठव्या शतकातले राष्ट्रकूटकालीन लेणे, वर्तुळाकार नंदीमंडप, अपुरे राहिलेले काम, एवढे ऐकून आम्ही निघालो. त्यातली एकच गोष्ट ठेवण्याजोगी होती. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या इ.स. ७५८च्या ताम्रपटात ‘पुण्य विषय’ आणि ७६८च्या ताम्रपटात ‘पूनक विषय’ असा उल्लेख येतो. विषय म्हणजे आजच्या भाषेत जिल्हा किंवा तालुका. म्हणजे हे नाव आधी एका मुलखाचे होते. शहराने ते नंतर स्वतःपुरते ठेवून घेतले.

फेरीबरोबर मिळालेला नकाशा हा स्वतंत्र कौतुकाचा विषय आहे. आजच्या रस्त्यांवर पारदर्शक कागद टाकून जुनी गावे दाखवली आहेत. शिवाजीनगरखाली भांबुर्डे, कर्वेनगरखाली हिंगणे, शिवाय पर्वती, एरंडवणे, वानवडी, घोरपडी, मुंढवे. पाताळेश्वर पुण्यातले नव्हेच, ते नदीपलीकडच्या भांबुर्ड्यातले, हे नकाशावर बोट ठेवले की कळते. भांबुर्ड्याचे गावठाण आणि त्यातला रोकडोबा आजही आहे. त्याच कागदावर २०१७ साली महापालिकेत आलेली ११ आणि २०२१ साली आलेली २३ गावे वेगळ्या रंगात आहेत. गाव गिळून शहर होण्याची क्रिया संपलेली नाही, हे कुठलेही वाक्य न लिहिता त्या रंगाने सांगितले आहे. कागद जाड असता तर बरे झाले असते. माझा दुसऱ्या घडीवर फाटला.

कसब्यात आम्हाला लाल महालापेक्षा कुंभारवेशीपाशी अधिक वेळ थांबवले गेले, हे मला आवडले. १६३०च्या सुमारास आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने पुणे जाळले आणि गाढवाचा नांगर फिरवला. पुढे जिजाबाई आणि शिवाजीराजे आल्यावर सोन्याच्या फाळाचा नांगर फिरला. ही गोष्ट पुण्यात शेंबडे पोरही सांगते. गाव जाळले म्हणजे गावात कोणी तरी राहत होते, हा तिचा अर्थ मात्र सहसा काढला जात नाही. बाईंनी तो काढला. नदीच्या गाळावर चाक फिरवणारे कुंभार, मुठेत जाळी टाकणारे भोई आणि कोळी, शेत कसणारे कुणबी आणि गावाच्या शिवेचा तंटा पडला की ज्यांची साक्ष निर्णायक मानली जाई ते महार. या शेवटच्या मुद्द्यावर त्या पाच मिनिटे बोलल्या. ज्याला गावकुसाबाहेर ठेवले त्यालाच गावाची हद्द सर्वांत नेमकी ठाऊक, आणि ती दाखवण्याचा मान परंपरेने त्याच्याकडेच. जमिनीशी जुने नाते कोणाचे, याची कबुली गावगाड्याच्या रिवाजातच होती.

आणि इथेच माझी पहिली गंभीर तक्रार आहे. कसब्यापासून गंज पेठेतला फुलेवाडा चालत जाण्याच्या अंतरावर असताना जोतीराव फुल्यांचे नाव दिवसभरात एकदाही निघाले नाही. या भूमीवर आधी कोण होते, हा प्रश्न याच शहरात त्यांनी १८७३ साली छापून विचारला होता. बळीराजाचे राज्य, त्याचे अंमलदार म्हणजे खंडोबा, ‘महासुभा’ म्हणजे म्हसोबा, अशी त्यांची मांडणी. तिच्यातल्या शब्दांच्या व्युत्पत्ती भाषाशास्त्राला मान्य होणार नाहीत, पण सकाळी ज्या म्हसोबासमोर आपण कोसंबींना आठवतो, त्याच म्हसोबाकडे बोट दाखवून फुल्यांनी ऐंशी-नव्वद वर्षे आधी हाच विषय काढला होता, ही गोष्ट गाळण्याजोगी नाही. राजकारण नको म्हणून गाळली असेल, तर इतिहासाची फेरी काढूच नये. मी हे बाईंना विचारले. त्यांनी वेळेचे कारण दिले. पाताळेश्वरापाशी गेलेला पाऊण तास मला आठवत होता, पण मी बोललो नाही.

खडकमाळ आळीतही असेच घाईने झाले. रामोशी समाजातला, पुरंदर तालुक्यातल्या भिवडीचा उमाजी नाईक याला इंग्रजांनी ३ फेब्रुवारी १८३२ रोजी इथल्या मामलेदार कचेरीत फाशी दिले. गडकोटांची आणि गावांची राखण हे रामोश्यांचे पिढीजात काम. त्याबद्दल त्यांना हक्क आणि जमिनी होत्या. १८१८ साली राज्य गेले, नव्या सरकारने हे हक्क काढून घेतले आणि राखणदार बंडखोर झाले. पुढे १८७१च्या कायद्याने देशातल्या अनेक जमातींवर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का बसला. तो १९५२ साली पुसला गेला, म्हणून त्यांना विमुक्त म्हणतात. शहरातल्या श्रीमंतांच्या दारावर पहाऱ्याला रामोशी ठेवण्याची रीत होती, हे जुन्या घरांतल्या माणसांना अजून सांगता येते. जे लोक पुण्याचे रात्री रक्षण करत होते त्यांच्याच नाईकाला पुण्यात फासावर चढवले गेले, एवढा आशय ज्या जागेत आहे तिथे आम्हाला उभ्याउभ्या बारा मिनिटे मिळाली, त्यांतली चार छायाचित्रांत गेली.

दुसऱ्या रविवारी पहाटे पाचला बस निघाली. मार्चचे दिवस होते. मंचर, घोडेगाव, मग डिंभे धरण आणि जलाशयाच्या कडेकडेने आहुप्याच्या दिशेने. आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांचा हा पश्चिम भाग राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत, म्हणजे आदिवासी क्षेत्रांच्या यादीत, आहे आणि वस्ती प्रामुख्याने महादेव कोळ्यांची. २०११च्या जनगणनेप्रमाणे पुणे जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ३.७ टक्के आहे. आकडा लहान वाटतो तो जिल्ह्यात शहर मोठे असल्यामुळे, इथल्या वाड्यांत तो जवळजवळ शंभर होतो. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले ते आंबेगाव स्वतः या जलाशयाखाली आहे.

इथे बसमधल्या साहाय्यक तरुणाने ध्वनिवर्धकावरून सांगितले की हेच पाणी पुण्याच्या नळांना येते. हे चूक आहे आणि अशा फेरीत ही चूक किरकोळ नाही. डिंभ्याचे पाणी कालव्यांनी खालच्या तालुक्यांतल्या शेतीला जाते. पुणे पिते ते मुख्यतः खडकवासल्याच्या साखळीतले, म्हणजे पानशेत, वरसगाव आणि टेमघरचे, आणि पूर्व भागाला भामा-आसखेडचे. शहराने वरच्या लोकांचे काय घेतले हे दाखवायचे असेल तर बस पानशेत आणि वरसगाव ज्यांच्यावर आहेत त्या आंबी आणि मोसे नद्यांच्या खोऱ्यांत न्यायला हवी. पानशेत म्हटले की पुणेकराला धरण फुटले तो १२ जुलै १९६१ आठवतो, लकडी पुलावरून गेलेले पाणी आठवते, कोणाच्या घरात किती फूट गाळ होता हे आजी-आजोबांकडून ऐकलेले असते. त्याच धरणासाठी वरच्या अंगाला कोणती गावे उठली, हे विचारले तर मला स्वतःला घरी येऊन नकाशा उघडावा लागला. धरणाखालचे सगळे स्मरणात आणि धरणावरचे काहीच नाही, असे या शहराच्या आठवणीचे स्वरूप आहे, आणि आयोजकांनी निवडलेले खोरे त्याला नकळत सोयीचे पडते.

असे असूनही वाडीतला दिवस मोलाचा होता. पडकईचे काम सुरू होते. उताराला दगडांचे बांध घालून, माती अडवून भाताची खाचरे काढायची आणि हे सगळ्यांनी मिळून आज एकाच्या, उद्या दुसऱ्याच्या रानात करायचे, ही पद्धत. पैशाचा व्यवहार तिच्यात मुळात नव्हता. रोजगार हमीची जोड नंतर आली. आम्हाला तिथे प्रत्यक्ष दगड उचलायला लावले नाही, हे बरे केले. शहरातल्या माणसाने तासभर घमेले उचलून स्वतःचे छायाचित्र काढून घेणे मला पाहवत नाही. अंगणात बाळहिरडा वाळत होता. कोवळी फळे काठीने झोडून पाडायची, आठवडाभर उन्हात काळी होऊ द्यायची आणि व्यापाऱ्याला विकायची; पावसाळ्यापूर्वी घरात रोख पैसा येतो तो यातूनच. एका आजींनी भावाची चौकशी उलट आम्हालाच केली. “तुमच्याकडं दुकानात कितीला देतात ओ पूड?” आमच्यापैकी एका बाईंनी खरी किंमत सांगितली. आजींनी त्यावर काही भाष्य केले नाही, फक्त मूठभर हिरडा पुन्हा चटईवर पसरला.

देवराईत चप्पल काढून शिरलो. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांची पाहणी केली, तेव्हापासून अभ्यासकांना हा विषय माहीत झाला; वाडीला तो अर्थातच आधीपासून ठाऊक होता. देवाच्या नावाने राखलेले रान, काटकीही न्यायची नाही, आणि वाडीचा झरा त्याच्याच पोटातून. घोड नदी याच डोंगरांत उगम पावते. बाईंनी त्या झऱ्यापाशी बसवून जे सांगितले ते मला सगळ्या फेरीतले सर्वांत चांगले वाटले. हीच घोड खाली शिरूर तालुक्यात इनामगावाजवळून जाते. तिथे डेक्कन कॉलेजने १९६८पासून पंधरा वर्षे उत्खनन केले आणि इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली. घराच्या जमिनीखाली पुरलेली माणसे, दोन कुंभांत तोंडाला तोंड लावून ठेवलेली लहान मुले, चार पायांच्या रांजणात बसवलेला एक प्रौढ. पाटाने पाणी आणणारी ही माणसे शेवटच्या काळात चौकोनी घरे सोडून गोल झोपड्यांत राहू लागली, कारण पाऊस कमी झाला असावा असे उत्खनन करणाऱ्यांनी मांडले. त्या लोकांचे आजच्या कोणाशी नाते आहे असा दावा बाईंनी केला नाही. एका नदीच्या दोन टोकांना बसून माणसे पाणी अडवत आली आहेत, एवढेच त्या म्हणाल्या आणि गप्प झाल्या.

मग जेवण. पुण्याहून बसच्या टपात आणलेले केटररचे पुलावाचे डबे, सोबत कागदी वाटीत गुलाबजाम. दहा पावलांवर चुलीवर नाचणीच्या भाकऱ्या थापल्या जात होत्या आणि त्यांचा वास आमच्यापर्यंत येत होता. वाडीतल्या चार घरांना जेवणाचे काम दिले असते तर माणशी तेवढाच खर्च आला असता, हे मी तिथल्या दादांना विचारून खात्री करूनच लिहितो आहे. स्वच्छतेचे कारण सांगण्यात आले. त्याच घरांतले पाणी आम्ही सकाळपासून पीत होतो. आणखी एक. दोन दिवसांत माईक वाडीतल्या कोणाच्याही हातात गेला नाही. पडकई, हिरडा, देवराई हे सगळे बाईंनी समजावले, उत्तम समजावले, आणि ज्यांचे ते आहे ते लोक कडेला उभे राहून ऐकत होते. मधेच एका आजोबांनी झाडाच्या नावाची चूक सुधारली, तेवढाच त्यांचा सहभाग.

ठाकर आणि कातकरी यांना फेरीत जवळजवळ जागा नाही. कातकरी तर मावळ-मुळशीत, शहराच्या अगदी वेशीवर आहेत. खैराचा कात काढण्यावरून ज्यांना हे नाव पडले, त्यांचे जंगल गेले आणि त्यांची आजची गुजराण बहुतांशी मजुरीवर आहे. त्यांच्यासाठी तिसरा रविवार काढावा, असे मी अभिप्रायाच्या कागदावर लिहिले आहे. तोवर ज्यांना ही उणीव स्वतः भरून काढायची आहे त्यांनी कामाच्या दिवशी क्वीन्स गार्डनमधल्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या संग्रहालयात जावे. मी फेरीनंतरच्या आठवड्यात रजा टाकून गेलो. सोंगांचे मुखवटे, वाद्ये, दागिने, मासे धरण्याची साधने पाहताना, आजींच्या अंगणातली टोपली आणि काचेआडची टोपली एकाच विणीची आहे हे ओळखता आले, ते फेरीमुळेच. इनामगावसाठी येरवड्याचे डेक्कन कॉलेज आहे. फेरीच्या आधी ही दोन्ही ठिकाणे पाहिलीत तर अधिक उत्तम.

१,८०० रुपयांत हे सगळे महाग नाही. पहिल्या दिवशी टेकडीसाठी टाचा न घसरणारे बूट घाला, आणि कसब्यात स्वच्छतागृहाची सोय नाही हे लक्षात ठेवून निघा. दुसऱ्या दिवशी बसमध्ये डाव्या बाजूला बसा, जाताना जलाशय तिकडून चांगला दिसला. पुढची तुकडी दिवाळीनंतर आहे असे कळले. माझ्या मेहुणीने दोन जागा सांगून ठेवल्या आहेत, आणि पुलाव नको, वाडीत भाकरी द्या, असे तिने नोंदणीच्या वेळीच लिहून दिले आहे. उत्तर अजून आलेले नाही.